ब्रेकसर

ब्रेकसर गाडीत कुठेही बसले तरी ब्रेक तेच दाबायचे. गाडी कोणीही चालवत असो, शेजारच्या सीटवर बसलेल्या सरांचा उजवा पाय सिग्नलच्या बराच आधी खाली जायचा आणि सिग्नल सुटेपर्यंत तिथेच राहायचा. आमच्या गाडीतली त्या बाजूची मॅट टाचेपाशी झिजून झिजून तिला भोक पडलं. मंदार, म्हणजे माझा नवरा आणि त्यांचा मुलगा, वैतागून म्हणायचा, "बाबा, तिकडे ब्रेक नाहीये." ते शांतपणे उत्तर द्यायचे, "माहीत आहे. असता तर मी एवढी काळजी कशाला केली असती?"

ते माझे सासरे. पुण्यातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. ब्रेकसर हे नाव मुलांनी ठेवलेलं, कारण अभ्यासक्रमात इंजिन, गिअर, सस्पेन्शन असं सगळं असलं तरी सरांचा तास फिरून फिरून ब्रेकवर यायचा. "गाडी पळवायला कोणीही शिकवेल. थांबवायची कशी ते माझ्याकडून शिका," हे पहिल्या तासाचं पहिलं वाक्य. आमच्या लग्नात त्यांचे जुने विद्यार्थी, बहुतेकांना टक्कल पडलेलं, मला कोपऱ्यात गाठून हे वाक्य त्यांच्या आवाजात म्हणून दाखवत होते. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते हे कळल्यावर सर खूश झाले होते. "म्हणजे तूही ब्रेकवालीच की! बाकीचे पळवणार, तू थांबवणार." सासऱ्यांकडून सुनेला मिळालेली इतकी चांगली पावती मी तरी दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही.

सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. क्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात आमचं घर आहे. सामानात दोन लोकरी स्वेटर, स्वतःचे नट कसायचे पाने कापडात गुंडाळलेले आणि सासूबाईंचा कुंकवाचा करंडा. करंडा कशाला आणला हे आम्ही विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. पहिले काही आठवडे ते सकाळी आवरून, बूट घालून खिडकीशी बसायचे. "इथे रस्त्यावर माणूसच नाही गं," म्हणायचे, "असतात ते सगळे गाडीत." कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला जाणं एवढाच दिवसाचा कार्यक्रम. डेअरीतला गुजराती माणूस हिंदीत बोलतो म्हणून दूध संपलेलं नसतानाही ते जायचे. फ्रिजमध्ये दुधाच्या बाटल्यांची रांग लागली.

मग एके दिवशी शेजारच्या ब्रायनच्या गराजचं दार उघडं राहिलं आणि सरांना तिच्या नाकाचा भाग दिसला.

ती म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची एक अमेरिकन गाडी. काळी, लांबलचक, आजीच्या ट्रंकेसारखी गोलसर. ब्रायनच्या काकांच्या शेतावरच्या शेडमध्ये मेंढ्यांच्या लोकरीच्या गोण्यांखाली ती कित्येक वर्षं पडून होती. ब्रायन आयुष्यभर दुधाचा टँकर चालवलेला माणूस. बायको वारलेली, संधिवातानं बोटं वाकडी झालेली, त्यामुळे गाडी घरी आणून ठेवण्यापलीकडे त्याच्या हातून काही झालं नव्हतं. सर कुंपणापाशी उभे राहिले, आत वाकून बघितलं, आणि त्यांनी न्यूझीलंडमधला आपला पहिला इंग्रजी संवाद सुरू केला. "एक्स्क्यूज मी. धिस कार इज हॅविंग टू ब्रेक्स इन वन पेडल?"

ब्रायनला हे ठाऊकच नव्हतं. पुढच्या पंधरा मिनिटांत दोघं गाडीखाली होते.

त्या गाडीची ही करामत सरांनी फळ्यावर खडूनं काढून मुलांच्या कितीतरी तुकड्यांना शिकवली होती. प्रत्यक्षात पाहिली नव्हती. त्या काळात तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक नवीन होते आणि लोकांचा त्यांच्यावर भरवसा नव्हता. पाइप फुटला, तेल गळून गेलं, तर काय? म्हणून तिच्या इंजिनिअरांनी नव्या ब्रेकच्या खाली जुना ब्रेक राहू दिला. तेल गेलं की पेडल पोकळ होऊन खाली जातं. पण आणखी खाली दाबलं की त्याच पेडलला एक दांडी लागते आणि ती तारेनं ओढून मागची दोन चाकं धरते. सर मला हे जेवणाच्या टेबलावर चमचा आणि वाटी घेऊन समजावत होते. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "नव्यावर विश्वास ठेवला, पण जुन्याला घराबाहेर काढलं नाही. याला म्हणतात इंजिनिअर."

मंदार ताटाकडे बघत राहिला. मी आणखी एक पोळी वाढली.

तेव्हापासून सर रोज नाश्ता करून 'कामावर' जाऊ लागले. ब्रायन त्यांना प्रोफेसर म्हणायचा. संध्याकाळी परत आले की त्या गाडीची एकेक गंमत आमच्या पानात पडायची. तिच्या क्लचमध्ये बाटलीला असतं तसलं बूच असतं, तेही तेलात बुडवलेलं, आणि त्यामुळे गाडी धक्का न देता उचलते. तिचे वायपर इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर चालतात, त्यामुळे चढावर इंजिन दमलं की पावसात नेमके वायपर मंदावतात. "तुझी सासू जिना चढताना बोलायची थांबायची ना, तसं," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच सासूबाईंच्या विषयावर हसले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या जेवणात त्यांनी पंगतीतल्या बायकांना बटणाच्या स्टार्टरची गोष्ट सांगितली: आधी गाडी हँडल मारून सुरू करावी लागायची, हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं, बटण आलं आणि मग कोणालाही एकट्यानं गाडी काढता आली. "तुम्ही सगळ्या आज गाड्या चालवत आलात ना? त्या बटणाला एक मोदक ठेवा." बायका हसल्या. माझी मुलगी ईरा म्हणाली, "आजोबा इज सो फनी." मला मात्र त्यांनी तीच गोष्ट घरून निघताना गाडीत सांगितली होती, आणि परत येतानाही पहिल्यापासून सांगितली.

सर विसरायला लागले होते. दुधाच्या बाटल्या केवळ गप्पांसाठी नव्हत्या, हे माझ्या हळूहळू लक्षात येत होतं. आमटीत मीठ दोनदा पडायचं. अंघोळीला जाऊन, कपडे न बदलता, "कशाला आलो होतो गं?" म्हणत ते परत यायचे. त्यांच्या थोरल्या भावाचं, दादांचं, असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी दादा आरशातल्या माणसाला "बसा ना, उभे का?" म्हणायचे, आणि तो बसत नाही म्हणून रागवायचे. सरांनी ते सगळं जवळून पाहिलं होतं. एकदा भाजी निवडताना ते मान वर न करता म्हणाले, "केतकी, दादांचं झालं तसं माझं व्हायला लागलं तर मला सांगशील? मंदार सांगणार नाही. तो मुलगा आहे. तू टेस्टर आहेस." मी "काहीतरीच काय बाबा" म्हटलं. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "काहीतरीच नाही. सांगशील की नाही, ते सांग." मला हो म्हणावं लागलं.

मंदारला ते गराजमध्ये जाणं बंद व्हावं असं वाटत होतं. "गॅस चालू ठेवतात ते, आणि तू त्यांना लोकांच्या गाडीचे ब्रेक उघडू देतेस?" त्याचं चुकत होतं असं मला म्हणता यायचं नाही. पण गराजमधले सर वेगळे होते. तिथे त्यांचे हात कधी थांबत नसत. शिवाय त्यांची एक पद्धत होती, आणि तिच्यावर माझा भरवसा होता. एखादा नट शेवटचा कसून झाला की ते त्यावर कुंकवाचा ठिपका द्यायचे. इंजिन ऑइलमध्ये कुंकू कालवून, काडेपेटीच्या काडीनं. पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये रंग कधी वेळेवर मिळायचा नाही, तेव्हापासूनची ही सवय. कुंकू अर्थात सासूबाईंच्या करंड्यातलं. "ठिपका लागला की त्या नटाकडे परत बघायचं नाही," सर ब्रायनला सांगायचे, "नाहीतर माणूस आयुष्यभर तेच तेच नट कसत बसतो." ब्रायन म्हणायचा, "स्वीट ॲज, प्रोफ," म्हणजे एकदम झकास.

आणखी एक गोष्ट ते त्याच्याकडून घोटवून घेत होते. ब्रेकमधलं तेल मुद्दाम काढून टाकायचे, ब्रायनला उभ्या गाडीत बसवायचे आणि पेडल दाबायला लावायचे. पेडल पोकळ लागलं की ब्रायनचा पाय दर वेळी आपोआप वर यायचा. सर त्याच्या गुडघ्यावर थाप मारायचे. "नो! पाय काढू नको. डोन्ट लिफ्ट. खाली दुसरा आहे." मला ते म्हणाले, "पोकळ लागलं की माणूस घाबरून पाय उचलतो. सगळे अपघात तिथेच होतात. खाली धरणारं काहीतरी आहे यावर त्या क्षणी विश्वास बसत नाही."

दसऱ्याच्या सुमाराला गाडी तयार झाली. रस्त्यावर आणण्याआधी तिची सरकारी तपासणी करून घ्यावी लागते, आणि तिची वेळ नेमकी दसऱ्याच्या सकाळची मिळाली. सर हरखले. आदल्या दिवशी खंडेनवमी, म्हणून सगळी हत्यारं धुऊन पुसून गराजमध्ये पाटावर मांडली. झेंडू इथे त्या दिवसांत कुठला, म्हणून कोवायच्या झाडाची पिवळी फुलं वाहिली. मागच्या उजव्या चाकाजवळच्या एका जोडाची शेवटची कसणी तेवढी राहिली होती. पण पाने पूजेत होते, त्यांना त्या दिवशी हात लावायचा नसतो. "उद्या निघण्याआधी करू," सर म्हणाले. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. बोनेटला आणि स्टिअरिंगला त्यांनी हळदकुंकू लावलं, ताम्हन ब्रायनच्या हाती दिलं, "आता तू लाव, गाडी तुझी आहे," म्हणाले, आणि आम्ही नैवेद्याचं ताट आणायला घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर गाडीखाली जाऊन आले. "सगळं झालंय," म्हणाले. ब्रायन चालवायला, सर शेजारी. मी फाटकातून हात हलवला.

पुढचं मी दोघांकडून ऐकलेलं आहे. शाळेपाशी झेब्रा क्रॉसिंगवर एक बाई बाबागाडी घेऊन उतरली. ब्रायननं ब्रेक दाबला आणि पेडल खाली गेलं. त्याच्या पायाखाली काहीच नव्हतं. त्याचा पाय उचलला जाणार एवढ्यात सर मराठीत ओरडले, "पाय काढू नको! दाब!" आणि ब्रायननं सगळं वजन टाकून पेडल आणखी खाली नेलं. मागची चाकं किंचाळली. गाडी क्रॉसिंगच्या पट्ट्यांवर पुढची चाकं ठेवून थांबली. ती बाई बाबागाडीच्या दांड्याला धरून जागेवर उभीच राहिली होती. मग तिनं वाकून बाळाच्या अंगावरची दुलई सारखी केली आणि निघून गेली.

त्या इंजिनिअरांनी इतक्या वर्षांपूर्वी खाली ठेवून दिलेल्या जुन्या ब्रेकनं चौघांना वाचवलं. दुसरा कोणी असता तर ही गोष्ट दर रविवारी रंगवून सांगत बसला असता. सर मात्र खाली उतरले, रस्त्यावर आडवे झाले आणि मागच्या उजव्या चाकाजवळ बघत राहिले. तो जोड सैल होता, तेल ठिबकत होतं, आणि नटावर कुंकवाचा ठिपका होता.

घरी आल्यावर त्यांनी पाने कापडात गुंडाळून मंदारच्या हाती दिले. "ठिपका दिला आणि नट कसला नाही," म्हणाले. "मी." मग खोलीत जाऊन बसले. दसऱ्याचं जेवण तसंच राहिलं. मंदारला जे हवं होतं तेच झालं होतं, पण त्याचाच चेहरा बघवत नव्हता.

चार-पाच दिवस सर गराजकडे फिरकले नाहीत. मी ब्रायनकडे डबा घेऊन गेले, तर तो पायरीवर बसलेला. त्यानं विचारलं, प्रोफेसर माझ्यावर चिडलेत का? मी घडलेलं सांगितलं: ठिपका, सैल नट. ब्रायनचा चहाचा मग खाली आला. पूजेच्या दिवशी आम्ही ताट आणायला गेलो तेव्हा तो ते ताम्हन घेऊन गाडीखाली शिरला होता. बोनेटला लावतात तर आतल्या नटांनाही लावावं, त्यांच्यामुळेच तर गाडी चालते, असं त्याला वाटलं होतं. "आय डिड देम ऑल," तो म्हणाला. "एव्हरी सिंगल नट. आय थॉट दॅट वॉज द होल आयडिया."

मी घरी धावतच आले. मला इतकं हलकं वाटलं होतं की फाटकातून यायचं सोडून मी कुंपणच ओलांडलं. बाबा, तुम्ही विसरला नव्हतात! तो ठिपका तुमचा नव्हताच! सर ऐकून घेत होते. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्यानं कशानं लावलं? बोटानं?"

"हो. ताम्हनातलं कुंकू, पाण्यानं भिजवलेलं."

"म्हणजे वाळून कोरडं झालेलं," सर म्हणाले. "माझं तेलातलं असतं. चमकतं. काडीनं दिलेलं, बारीक. हे बोटाएवढं आणि कोरडं. केतकी, मी सकाळी बॅटरी घेऊन खाली गेलो होतो, तो ठिपका बघितला, आणि मला तो माझाच वाटला. बिचाऱ्या ब्रायननं भक्तीनं लावलं. पण तो जोड कसायचा राहिलाय, हे आदल्या दिवशी मीच बोललो होतो ना?"

मी त्यांच्या पलंगावरची चादर सारखी करू लागले.

"बोललो होतो ना?"

"हो, बाबा."

"मला अजून आठवत नाहीये." ते माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत मला भाजी निवडण्याचा तो दिवस दिसला. "तू सांगणार होतीस. आता सांग."

माझ्या नोकरीत मी रोज लोकांना सांगते की हे चालत नाहीये. कोणाच्या डोळ्यांत बघून सांगावं लागत नाही. मी त्यांच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "हो बाबा. व्हायला लागलंय." त्यांनी मान हलवली, माझ्या हातावर हात ठेवला, आणि म्हणाले, "शाबास." त्या शाबासकीचं मी काय करू, हे मला आजही कळलेलं नाही. पुढे डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नाही, फक्त इंग्रजीत सांगितलं.

त्या संध्याकाळी ते स्वतः ब्रायनकडे गेले, त्याला म्हणाले की चूक तुझी नाही, आणि गाडीखाली त्याच्याच हातून तो नट कसून घेतला. वाकड्या बोटांनी त्याला बराच वेळ लागला. करंडा मात्र सरांनी बंदच ठेवला. गाडी नंतर तपासणीत पास झाली. परीक्षकानं पेडलचा तो दुसरा ब्रेक पाहून सहकाऱ्यांना बोलावून आणलं, असं ब्रायननं येऊन सांगितलं. सर म्हणाले, "छान." कोणती गाडी, हे त्यांना तेव्हा आठवत होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

आता ते आमच्या घरात आहेत, आणि नाहीतही. मी ज्या ब्रेकसरांबद्दल लिहिते आहे ते हळूहळू, एकेका शब्दानं गेले. आधी इंग्रजी गेलं, मग मंदारचं नाव. घरातले आरसे आम्ही काढून ठेवले आहेत. ते माझ्याशी फार आदरानं बोलतात, "तुम्ही", "आपण" करून, एखाद्या पाहुण्या बाईशी बोलावं तसं. चहा दिला की "कशाला त्रास घेतलात" म्हणतात. बाकी सगळं मी सोसते. हे आदरानं बोलणं मला सोसत नाही.

ब्रायन दर रविवारी गराजचं दार उघडतो आणि त्यांना गाडीत बसवतो. बाहेर नेत नाही, नुसतं बसवतो. मागच्या रविवारी त्याला बरं नव्हतं म्हणून मी बसले, मी चालकाच्या जागी, सर शेजारी. पावसाची भुरभुर होती. त्यांनी काचेतून बाहेर बघितलं, मग माझ्याकडे, आणि नम्रपणे विचारलं, "आपण कोण?"

मी रोज सांगते, बाबा मी केतकी, मंदारची बायको. त्या दिवशी मात्र डोळे भरून आले आणि काहीतरी करायचं म्हणून मी पेडल दाबलं. रविवारच्या या बसण्यासाठी ब्रायननं ब्रेकचं तेल काढून ठेवलेलं असतं, का ते मला तोवर ठाऊक नव्हतं. पेडल पोकळ खाली गेलं आणि मी दचकून पाय उचलू लागले.

सरांचा उजवा पाय शेजारी खाली गेला होता. टाच मॅटवर रुतलेली. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली, पूर्वी ब्रायनच्या मारायचे तशी.

"पाय काढू नका," ते म्हणाले. "खाली दुसरा आहे."

मी दाबत राहिले. खूप खाली, जिथे काही असेल असं वाटत नव्हतं तिथे, काहीतरी लागलं.